शाहीर, तुमचं मरण क्षणभर बाजूला ठेवून

शाहीर विलास घोगरे यांस,
जय भीम.

तुमचं नाव निघालं की आधी तारखा सांगितल्या जातात. 11 जुलै 1997 : घाटकोपरला माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जणांचा जीव गेला. 15 जुलै : मुलुंडच्या झोपडीत तुम्ही आयुष्य संपवलंत. गाण्यांची पाळी त्यानंतर येते. तोवर ऐकणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, आणि तुमच्या प्रत्येक ओळीत तो निरोपाची चिठ्ठी शोधू लागतो.

या ऐकण्याला माझी हरकत आहे. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये तुम्ही गाता, तो माहितीपट 1985 सालचा. गोळीबाराला अजून 12 वर्षं होती. मुंबई बांधणाऱ्यांच्याच झोपड्या मुंबई पाडते, हा त्याचा विषय. तिथला तुमचा आवाज खचलेल्या माणसाचा नाही. त्यात राग आहे, आणि माणसं गोळा करण्याची घाई आहे. आव्हान नाट्य मंचात घडलेला शाहीर तो. ध्रुवपद समोरच्यांनी उचलावं म्हणूनच तो थांबतो. आम्ही मात्र त्या थांबण्यात हुंदका ऐकतो.

सोसलेल्याची कविता वाचून ‘अंगावर काटा आला’ म्हणणं सोपं असतं. काटा ओसरतो, वाचक जेवायला बसतो. कवीचा शेवट ठाऊक असला तर आणखी सोपं : सगळं त्याच्या दुःखाच्या खाती टाकायचं. मग झोपडी कोणी पाडली, मजुरी कोणी बुडवली, हे विचारायला नको.

मरण विसरा, असं मी म्हणत नाही. त्या 10 जणांबरोबर तुमचं नाव घेतलं जातं, घेतलं जावं. पटवर्धनही तुमच्या जाण्यापासूनच निघाले. पण 14 वर्षांनी, 2011 साली त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा झाला, तेव्हा त्यात वस्त्यावस्त्यांतले गायक होते, कबीर कला मंचाची तरुण पोरं होती. शोकापासून निघालेला माणूस गाणाऱ्यांपर्यंत पोचला. वाचकानेही तेवढी वाट चालावी.

आज रमाबाई नगरासमोर पुनर्विकास आहे. घर कोणाला, कुठे, कागद कोणते, कोण बाद, याच्या बैठका होतात. तुमचं गाणं 11 जुलैच्या अभिवादनाला वाजतं. ते या बैठकांत वाजायला हवं. तिथे बसलेल्या बाईला तुमचा शेवट माहीत नसला तरी चालेल. तिला ध्रुवपद उचलता आलं, की तुम्हाला नीट वाचलं असं मी समजेन.

आपला,
मुलुंडचा एक वाचक