बारीक अक्षरांतला मजकूर

नवी सिस्टीम सुरू करण्याआधी 'काय काय बिघडू शकतं' याची यादी करणं, हे आम्हा आयटीवाल्यांचं रोजचं काम. पण मूल व्हावं म्हणून उपचार सुरू केले, तेव्हा अशी यादी मला कोणी दिली नाही. "साध्या गोळ्या आहेत," एवढंच सांगितलं गेलं.

त्या गोळ्या क्लोमिफीनच्या. अमेरिकेत १९६७ साली मान्यता मिळालेलं हे जुनं औषध. शरीरात इस्ट्रोजेन कमी आहे असं ते मेंदूला भासवतं आणि मेंदू बीजांडकोशाला जास्त कामाला लावतो. अंगातून गरम वाफा, डोकेदुखी, चिडचिड हे त्यामुळेच. खलिफा सिटीतला जुलै, एसी १८ वर, नवरा शाल पांघरून बसलेला आणि मी घामाघूम! उगाचच रडू यायचं. हा औषधाचा परिणाम आहे, हे आधी कळतं तर निम्मा त्रास वाचला असता.

पुढे इंजेक्शनं आली. त्यांनी एकाच वेळी अनेक बीजं वाढतात. थोडं पोट फुगणं नेहमीचंच. पण क्वचित बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजतात आणि रक्तातलं पाणी पोटात उतरतं. माझं वजन दोन दिवसांत तीन किलोंनी वाढलं, आडवं झालं की धाप लागे. आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "गॅस झाला असेल, ओवा खा." मंडळातल्या डॉक्टर मैत्रिणीनं मात्र त्याच रात्री इमर्जन्सीत नेलं. चार दिवस ॲडमिट होते.

आमच्या घरी पाळणा हलला नाही. पण मी धडधाकट आहे, ते त्या मैत्रिणीमुळे.

१९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर हे शास्त्र खूप पुढे गेलंय. शेवटचं इंजेक्शन बदलून किंवा गर्भ गोठवून, थांबून हा धोका कमी करता येतो. पीसीओएस असेल तर तो जास्त, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावं.

मैत्रिणींनो, औषधाला घाबरू नका, पण प्रश्न विचारा. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, धाप लागली, एखादा पाय सुजून दुखला किंवा नजर अंधूक झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि हळदीकुंकवाला "गोड बातमी कधी?" असं विचारण्याऐवजी एकदा "कशी आहेस गं?" असं विचारून बघा!