उजव्या कानाचा आलेख

मित्रांनो, तुमच्याकडे रात्री रातकिडे ओरडतात का? मला ते फक्त डाव्या कानाने ऐकू येतात. उजव्या कानाने त्यांच्याशी कट्टी केली, ती मी आठवीत असताना, दिवाळीत.

त्या संध्याकाळी सुतळी बॉम्बची वात विझली असं वाटलं, म्हणून मी वाकून बघायला गेलो आणि तो फुटला! अंगाला साधं खरचटलंही नाही. दोन दिवस उजव्या कानात शिट्टी वाजत राहिली, मग थांबली. आई रागावेल म्हणून मी घरी काही बोललोच नाही.

पुढच्या सुट्टीत आजीकडे अंगणात झोपलो होतो. डाव्या कुशीवर वळलो, तर रातकिडे एकदम गप्प! उजव्या कुशीवर वळलो, की पुन्हा किर्रर्र. दोन-तीनदा करून पाहिलं आणि छातीत धस्स झालं. सकाळी आईला सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी कानाची तपासणी करायला सांगितली. त्यात काय मोजतात, हे समजायला आधी आवाज म्हणजे काय ते पाहू.

प्रार्थनेच्या रांगेत मागच्याने ढकललं, तर धक्का पार पुढच्या टोकापर्यंत जातो. मुलं मात्र आपापल्या जागीच राहतात. हवेचे कणही तसेच जागच्या जागी पुढे-मागे हलतात आणि धक्का सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने पुढे जातो. सेकंदाला असे किती धक्के येतात, ती आवाजाची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. धक्के जितके जास्त, तितका आवाज बारीक आणि उंच. निरोगी कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात.

आवाज किती मोठा, ते मोजायचं डेसिबलमध्ये. इथे गंमत आहे बरं का! साधं बोलणं 60 डेसिबल. मग 120 डेसिबल म्हणजे त्याच्या दुप्पट? छे! दर 10 डेसिबलला तीव्रता 10 पट होते. म्हणजे 120 डेसिबलचा आवाज बोलण्याच्या 10 लाख पट तीव्र! अगदी जवळ फुटलेला बॉम्ब याच्याही वर जातो.

तपासणीसाठी मला एका बंद, शांत खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. टूं-टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. नंतर एक आलेख मिळाला. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या जवळजवळ सरळ रेषेत होत्या. उजव्या कानाचे लाल गोल 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात पडल्यासारखे खाली गेले होते. तिथे डाव्या कानाला 10 डेसिबल पुरत होते, उजव्याला 50 लागत होते. म्हणजे 10,000 पट तीव्र आवाज! बोलण्यातले बरेचसे आवाज याहून खालच्या वारंवारतेचे असतात, म्हणून इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अनेक रातकिड्यांचा आवाज मात्र नेमका 4000-5000 हर्ट्झच्या आसपास असतो.

“औषधाने भरून येईल ना?” आईने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. कानाच्या आतल्या शंखात सुमारे 15,000 केसपेशी असतात. हवेतल्या धक्क्यांचा निरोप त्याच मेंदूला पोचवतात. माणसात त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. आई मला रागावली नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती, एवढंच.

दोस्तांनो, अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाजाची तीव्रता चौथाई होते. तेव्हा फटाक्यापासून, मांडवातल्या भिंतीएवढ्या स्पीकरपासून लांब उभे राहा. वात विझल्यासारखी वाटली, तरी जवळ जाऊ नका. आणि आज रात्री सगळं शांत झालं, की आळीपाळीने एकेक कान बंद करून रातकिडे ऐका. दोन्ही कानांनी सारखे ऐकू आले तर छानच! फरक वाटला, तर मात्र सकाळची वाट बघू नका. तेव्हाच आईला उठवा.