बेटावर प्यायला पाणी कुठून येतं?

चौथीच्या वर्गात 'बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग' हे मी अकरा वर्षं शिकवलं, पण बेट स्वतः कधी पाहिलं नव्हतं. आपल्या हिंगोलीच्या लेकरांनी पाणी पाहिलं ते कयाधूचं, फार तर इसापूर धरणाचं.

दोन वर्षांपूर्वी एका मुलानं विचारलं, "मॅडम, चारी बाजूंनी खारं पाणी, मग ते लोक पितात काय?" हा मुलगा शाळेत यायच्या आधी रोज हापशावर नंबर लावून घागरी भरायचा. त्यालाच हा प्रश्न पडणार. मी म्हणाले, "नेत असतील बोटीतून. बस खाली." तो बसला. नंतर वर्षभर त्यानं फारसं काही विचारलं नाही. ते 'बस खाली' मला अजून बोचतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. हिंगोलीहून कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून खाली. सोबत सासूबाई होत्या. त्या माळकरी, म्हणून मासळीच्या गावात काय खायचं ही धास्ती होती, पण काजूची उसळ आणि सोलकढीवर त्या खूश झाल्या. बोटीत बसताना मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग समोरच दिसतो. तो उभा आहे ते कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी पायाभरणी केली, सुमारे तीन वर्षांत किल्ला झाला. आतलं क्षेत्र ४८ एकर. गंमत म्हणजे जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे तेच कळत नाही. तो तटाच्या वळणात लपवलाय. मुलीला मी म्हणाले, "शोध." तिला नाही सापडला. (मलाही नाही!)

आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. नावाड्यानं तासाभराचा वेळ दिला होता. मुलं सोबत असतील तर तटावरून चाला आणि राणीच्या वेळेवर, म्हणजे तिथल्या छोट्याशा पुळणीवर, शिंपले वेचू द्या. बाकी स्कुबा वगैरे तारकर्लीला आहे, ते ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, बोटी बंद असतात.

माझा अर्धा वेळ गेला विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आपली बारव तशी तिकडची बाव. समुद्र इतका जवळ आणि पाणी गोडं! सासूबाईंनी तीर्थासारखं ओंजळीत घेतलं. मी उभी राहिले ती त्या मुलाला आठवत. मी त्याला चूक सांगितलं होतं.

बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. फार उपसलं तर खालचं खारं वर चढतं. वर्गात दाखवायला सोपं आहे. ग्लासात मीठ घालून ढवळलेलं पाणी घ्या. साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाका आणि ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. रंगीत पाणी वरच थांबतं. घाई केलीत तर सगळं एक होतं. माझं पहिल्यांदा झालंच.

येताना दोन बाटल्या भरून आणल्या, एक समुद्राची, एक बावेची. यजमान म्हणाले, लोक काजू नेतात, तू पाणी नेतेस.

तो मुलगा आता शेजारच्या गावच्या शाळेत सहावीला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला बोलावून घेतलं. सांगितलं, "बाळा, त्या दिवशी मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं." तो लाजून पायाकडं बघत राहिला. मग दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी दोन ताटल्यांत ओतून आम्ही उन्हात ठेवलं. "पिऊ नको हं, बरेच दिवसांचं आहे," असं बजावलं.

सोमवारी तो न बोलावता आला. एका ताटलीत पांढरा थर होता, दुसरीत जवळजवळ काहीच नाही. त्यानं बोट ओलं करून पांढऱ्या थराला लावलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "मॅडम, उन्हाळ्यात तिथं पण नंबर लावावा लागत असंल का?"

या वेळी मी त्याला खाली बसवलं नाही. खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी बेट काढ."