मोठी गाडी: तेव्हाची आणि आताची

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात ‘मोठी गाडी’ म्हणजे बुलेट. दूधवाल्याकडे राजदूत, कॉलेजच्या पोरांकडे येझदी आणि फौजदार किंवा बागायतदाराकडे बुलेट. ३४६ सीसीचं एकच सिलिंडर आणि अवघी १८ अश्वशक्ती. पण पिस्टनची रुंदी ७० मिलिमीटर आणि फेरी ९० मिलिमीटरची. त्यामुळे इंजिन सावकाश फिरे, फायरिंगचे ठोके वेगवेगळे ऐकू येत आणि कमी वेगातही ओढ भरपूर मिळे. मागे माणूस, टाकीवर पोर आणि कडेला पिशव्या घेऊन ती कात्रजचा जुना घाट न कुरकुरता चढायची.

ती चालू करणं हेही शिकावं लागे. अँपिअरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून पिस्टन जागेवर आणायचा, मग अंगाचं वजन टाकून किक. घाई केली तर किक उलटी यायची आणि पाय सुजायचा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. रस्त्यात बंद पडली तर प्लग पुसायचा, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचा. त्यातूनही नाही जमलं तर पुढच्या गावात मिस्त्री असायचाच. उणिवाही होत्या. ड्रम ब्रेकवर उतारात भरवसा ठेवता येत नसे, इंजिनाखाली तेलाचा डाग कायमचा आणि रात्री दिवा जेमतेम.

आता सुझुकीची हायाबुसा १३४० सीसीची आहे. ट्रायम्फच्या रॉकेट ३ चं इंजिन २४५८ सीसीचं, म्हणजे मारुती ८०० ची तीन इंजिनं एकत्र केली तरी त्याहून मोठं. ब्रेक असे की दोन बोटांत गाडी उभी राहते. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल सगळं हाताशी. मोकळ्या रस्त्यावर अशी गाडी सुख देते यात शंका नाही. मनगट जरा वळवलं की डोंगर जवळ येतो.

पण तो मोकळा रस्ता कुठे आहे? हायाबुसा पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभरच्या पुढे जाते आणि आपल्या चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा ८० ची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. दोन हजार सीसीवाल्यालाही जुन्या रस्त्यानेच खंडाळा चढावा लागतो. सिग्नलला इंजिनाची धग मांड्यांना लागते. रॉकेट ३ पेट्रोल भरून तीनशे किलोंच्या वर जाते. उतारावर नाक खाली करून लावली तर मागे ओढायला दुसरा माणूस लागतो. आणि वाटेत बंद पडली, तर मिस्त्रीकडे नेऊन उपयोग नाही, टेम्पोच बोलवावा लागतो.

जुनी बुलेट आजच्या मोजमापात दुबळी होती, तरी तिची सगळीच्या सगळी ताकद आम्ही वापरत होतो. पसरणी घाटाच्या वळणावर गिअर पाडून पूर्ण थ्रॉटल देता यायचा. ९८ सीसीच्या, ११ अश्वशक्तीच्या आरएक्स १०० नेही तोच आनंद दिला. चालवण्याचं सुख गाडीच्या अंगात किती ताकद आहे यावर ठरत नाही, त्यातली किती आपल्याला वापरता येते यावर ठरतं. हायाबुसाची बहुतेक ताकद आपल्या रस्त्यांवर झोपूनच राहते आणि चालवणाऱ्याचा दिवस तिला आवरण्यात जातो.

म्हणून तरुणांना माझं सांगणं आहे. आम्हाला तेव्हा न मिळालेली गोष्ट आज तुम्हाला मिळते आहे. २०१८ ला आलेली ६४८ सीसीची इंटरसेप्टर किंवा चाकणला तयार होणारी ३९८ सीसीची स्पीड ४०० बघा. बुलेटची ओढ, वर खात्रीचे ब्रेक आणि रोज कामावरही नेता येईल असं वजन. हजार सीसीच्या पुढची गाडी हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्या. पण घाट मनसोक्त चालवायचा असेल, तर जिची पूर्ण ताकद तुम्हाला वापरता येईल तीच गाडी निवडा.