शेजाऱ्याने ठरवलेला दिवस

वाळवंटातल्या प्राण्यांबद्दल माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. त्यांचं शरीर, सवयी, झोपण्या-उठण्याच्या वेळा, सगळं काही ऊन आणि पाण्याची टंचाई यांनीच घडवलं, असं मी मानत असे. आज मानत नाही. मत फिरवलं ते सोनेरी काटेरी उंदराने.

मृत समुद्राच्या पश्चिम काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर खाली, एन गेदीच्या खडकाळ उतारांवर तो राहतो. पाठीवर ताठ, काट्यांसारखे सोनेरी केस, आणि घर म्हणजे दगडांच्या फटी. त्याच खडकांत त्याचा भाऊबंद, सामान्य काटेरी उंदीर, रात्री फिरतो. सोनेरी मात्र बाहेर पडतो दिवसा, जिथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो तिथे!

माझ्या जुन्या समजुतीला हे सहज पचत होतं. हा उंदीर अतिशय घट्ट लघवी करून पाणी वाचवतो, खारं पाणीही पितो, अन्न कमी पडलं तर शरीराचं तापमान उतरवून ऊर्जा राखतो. एवढी तयारी असलेला जीव उन्हासाठीच घडलेला असणार, यात शंका कसली?

मग प्राणिशास्त्रज्ञ आमिराम श्कोल्निक यांचं 1971 साली प्रसिद्ध झालेलं काम वाचनात आलं. जिथे दोन्ही जाती एकत्र राहत होत्या, तिथून त्यांनी सामान्य काटेरी उंदीर हलवले. सोनेरी उंदीर रात्रीही फिरू लागले. ऊन तेच, खडक तेच, पाणी तेवढंच. बदललं होतं फक्त शेजारी कोण आहे, एवढंच. पुढे प्रयोगशाळेत एकट्या ठेवलेल्या सोनेरी उंदरांतलेही काही रात्रीच जागे राहू लागले. त्यांच्या डोळ्यांची घडणही निशाचराला शोभणारी आहे. म्हणजे रात्रीसाठी घडलेलं शरीर घेऊन हा प्राणी दिवसात वावरतो आहे. पाणी राखण्याची त्याची ताकद खरीच, पण तिच्यामुळे दिवस परवडतो. दिवस निवडायला लावलं ते दुसऱ्याच कोणी.

तरी त्याला हुसकावून लावलेला, हरलेला म्हणणं मला पटत नाही. हिवाळ्यात तिथल्या रात्री गारठ्याच्या असतात. तेव्हा दिवसा फिरणाऱ्याला अंग गरम ठेवायला कमी ऊर्जा लागते. उन्हाळ्यात तो भर दुपार टाळतो, सकाळ-संध्याकाळ साधतो, दगडांची सावली सोडत नाही. मिळालेल्या वेळेत त्याने आपला संसार नीट बसवला आहे, आणि त्याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

आता एखादा प्राणी अवेळी दिसला, की हवामानाच्या आधी मी त्याच जागेतल्या इतर रहिवाशांची चौकशी करतो. पूर्वी ही चौकशी मला दुय्यम वाटायची. संशोधक अब्राहम हैम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनंतर तर तसं वाटणं शक्यच नव्हतं. सामान्य काटेरी उंदराच्या नुसत्या गंधाने सोनेरी उंदराच्या शरीराच्या तापमानाची रोजची लय सरकते, असं त्यांना आढळलं. समोर भांडण नाही, पाठलाग नाही, शेजारी नजरेसही पडत नाही. तरी त्याचं असणं याच्या अंगातल्या घड्याळापर्यंत पोचलेलं असतं.