वर्षाच्या विजेचा हिशोब

चि. मीनल,


नागपुरात तुमचं बस्तान बसलं, हे वाचून बरं वाटलं. वर्षभराच्या विजेसाठी किती पैसे धरायचे, असं तू विचारलंयस. एका बिलाला बारानं गुणू नकोस. डिसेंबरचं बिल धरलंस तर मे महिन्यात पैसे कमी पडतील. मेचं धरलंस तर वर्षभर उगाच हात आखडता घेशील.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, पण तो आधीच्या भाडेकरूंचा. म्हणून आपल्या वस्तूंवरून सुरुवात कर. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास, म्हणजे एक युनिट. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिटं दिलेलीच असतात. एसीच्या लेबलवरचा आकडा मात्र वर्षाला 1600 तास धरून काढलेला असतो. तुमचा एसी 800 तास चालणार असेल, तर तो साधारण निम्मा धर.

आता महिनावार मांडणी कर, कारण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 जवळजवळ दुप्पट दरानं, त्यापुढची आणखी महाग; आणि हे टप्पे दर महिन्याला नव्यानं सुरू होतात. समजा, आठ महिने 80 युनिटं आणि उन्हाळ्याचे चार महिने 290. वर्षाची झाली 1800, सरासरी 150. सरासरीनं पाहिलं तर 600 युनिटं महाग टप्प्यात दिसतात. प्रत्यक्षात तिथे 760 जातात. शिवाय घर बंद असलं तरी स्थिर आकार लागतो, प्रत्येक युनिटवर वहन आकार असतो, इंधन समायोजन कमीजास्त होतं आणि या साऱ्यावर 16 टक्के वीज शुल्क. सुरक्षा ठेव खर्चात धरू नकोस. ती आपलीच रक्कम, तिच्यावर व्याज मिळतं.

यातून बचतीची जागाही सापडते. वापर कमी केला की आधी वरच्या टप्प्यातली महाग युनिटं वाचतात. 75 वॅटच्या पंख्याऐवजी 30 वॅटचा बीएलडीसी पंखा रोज बारा तास, 300 दिवस चालवला तर 162 युनिटं वाचतात. त्यातली उन्हाळ्यातली सर्वांत मोलाची.

पण वैशाखात कूलर बंद ठेवून पैसे वाचवू नकोस. सासूबाईंचं वय झालंय, बाळ लहान आहे. वर्षाचा आकडा काढ, त्याचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला टाक. मग मेचं बिल आलं तरी पैसे तयार असतील आणि घरात कुणाला उकाडा सोसावा लागणार नाही. हिशोब करायचा तो एवढ्यासाठीच.

तुझी,
मावशी