मापाचा कागद

सकाळच्या पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात उभं राहून वरची कडी धरली की कुर्ता कसा बेतलाय ते लगेच कळतं. हात वर गेला की दुकानातून आणलेला कुर्ता त्याच्यामागे निघतो. बाजू वर सरकते, कमरेशी चुण्या पडतात, खांदा गळ्याकडे ओढला जातो. मग मोकळ्या हाताने तो खाली ओढायचा, पुढच्या स्टेशनाला पुन्हा ओढायचा. आपल्याला वाटतं बाही घट्ट आहे. खरी गोम मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत असते. मुंढा खोल कापला की बगलेपासून कमरेपर्यंतची बाजू तेवढी आखूड होते. हात उचलताना लागणारं कापड तिथे नसतं, म्हणून ते खालून येतं. मुंढा बगलेच्या जवळ घ्यावा, बाहीचा गोल जरा बसका ठेवावा, म्हणजे हात वर जातो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. सैल मुंढ्यात मोकळं वाटेल, ही समजूत पहिल्याच दिवशी सोडावी लागते. जुन्या कुर्त्यांत यासाठी बगलेत चौकोनी चौबगला असे. सरळ रेषेत कापलेल्या कापडाला हात हलवू देण्याची ती युक्ती. कारखान्याला मात्र खोल मुंढा सोयीचा, कारण एकाच मापात जाड-बारीक सगळे दंड मावतात.

मी माझे कपडे स्वतः शिवते, त्याचं पहिलं कारण हा मुंढा.

शिवणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909 साली सेवासदन उभं केलं, तिथे शिवणाचे वर्ग होते. हातात कला आली की बाई पायावर उभी राहते, हा त्यामागचा विचार. पुढे गावोगाव शिवणक्लास निघाले. झबलं, टोपडं, कुंची, मग फ्रॉक, सहा कळ्यांचा परकर आणि शेवटी ब्लाउज, अशी त्यांची चढण. वहीत चौथाई मापाच्या पट्टीने आकृती काढायची, खाकी कागदावर पूर्ण मापाची, मग कापायची. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावर किती तरी कारागीर तयार झाले. या पद्धतीत विकत घेतलेला नमुना नसतोच. टेप अंगाला लावायची, छाती 36 भरली तर तिचा चौथा भाग 9, त्यात लूजिंग, त्यात शिवणीची माया. आकृती त्या एका बाईची. मला ही फार मोठी विद्या वाटते आणि तिला 'क्लास' म्हणून बाजूला टाकलं जातं याचं वाईट वाटतं.

तिकडे पाश्चात्त्य देशांत गोष्ट वेगळी घडली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. पुढे जर्मनीत एने बुर्डांनी मासिकातून घरोघर पॅटर्न पोचवले. तो मोठ्या कंपन्यांचा काळ होता. आज एकेकटीने किंवा दोघी-तिघींनी मिळून पॅटर्न आखून विकणाऱ्या बायका जगभर आहेत. पैसे भरले की फाइल येते, कागदावर छापायची, कापायची. कॅलिफोर्नियात सुरू झालेलं फोकवेअर 1970च्या दशकापासून देशोदेशीच्या लोकवेशांचे पॅटर्न करत आलं आहे. कॅशमरेट भरल्या अंगाच्या बायकांसाठी छातीच्या कपप्रमाणे वेगळे तुकडे देतं. असा पॅटर्न उघडला की आखणारीचा विचार दिसतो. खिशाचं तोंड कुठे असावं, गळ्याची पट्टी आतून कशी वळवावी, कोणती शिवण आधी घालावी, हे तिने पुन्हा पुन्हा शिवून ठरवलेलं असतं.

तरी तो जसाच्या तसा आपल्याला बसत नाही. बरेच पॅटर्न साडेपाच फुटी बाईसाठी आखलेले असतात. आपल्याकडची सरासरी उंची पाचाच्या आसपास. म्हणून खांद्यापासून छातीपर्यंत आणि छातीपासून कमरेपर्यंत, अशा दोन ठिकाणी कागद आडवा दुमडून आखूड करावा लागतो. नुसता खालचा घेर कापून चालत नाही, कारण मग कमरेची जागा सीटवर येते. इथे शिवणक्लासची विद्या उपयोगी पडते. आकार पॅटर्न आखणारीचा घ्यायचा, मापं आपली घालायची. या दोन्ही रीती एका टेबलावर आल्या की काय होतं, ते मला टक्सने शिकवलं.

सपाट कापड गोल अंगावर बसवायचं तर जास्तीचं कुठेतरी मिटवावं लागतं. ते मिटवणं म्हणजे टक्स. त्याचं टोक छातीच्या टोकाकडे पाहत असतं आणि त्याच्या थोडं अलीकडेच थांबतं. थेट तिथे नेलं तर कापडाला टोचरा कोन येतो. चार टक्सचं ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट ही तीन निराळी ब्लाउजं नव्हेत. एकच जास्तीचं कापड तीन वाटांनी मिटवलेलं आहे. कागदावर छातीच्या टोकापासून खांद्यापर्यंत रेघ मारावी, ती कापावी आणि कमरेचा टक्स मिटवावा. खांद्यावर आपोआप फट उघडते. टक्स नाहीसा झाला नाही, नुसता तिकडे गेला. हे पहिल्यांदा हाताखाली घडताना पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो कागद मिटवत आणि उघडत बसले होते. त्यानंतर दुकानातल्या कुठल्याही ब्लाउजकडे पाहिलं की त्याचा टक्स कुठे गेलाय, हेच आधी शोधते.

मोठा पॅटर्न घरच्या प्रिंटरवर ए-फोर कागदांत छापून चिकटवता येतो. पनवेलमध्ये त्यापेक्षा चांगली सोय आहे. इथे इतकी बांधकामं चालतात की इमारतींचे नकाशे छापणारी दुकानं आहेत, आणि ज्या यंत्रातून सात मजल्यांचा आराखडा निघतो त्यातूनच माझ्या कुर्त्याची पाठ निघते. छापल्यावर आधी कोपऱ्यातला चाचणीचा चौकोन पट्टीने मोजायचा. तो मापात नसेल तर सगळं चुकतं.

मग मांजरपाट. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर कच्चं शिवून अंगात घालायचं, बसून, वाकून, हात वर करून बघायचं. कापड आधी रात्रभर भिजवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात सुती कुर्ता आटतो. उभा धागा काठाशी समांतर धरायचा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत टाचण्या गंजतात आणि कापडावर तांबडे ठिपके पडतात, म्हणून जून ते सप्टेंबर टाचण्या कापडात अडकवून ठेवायच्या नाहीत. कापड जुन्या बाजारात मिळतं. मनाजोगं नाही मिळालं तर हार्बरच्या गाडीने मस्जिदला उतरून मंगळदास मार्केट चालत गाठता येतं.

मला मनापासून सांगायचंय ते ट्रायल रूमबद्दल. आरशासमोर कुर्ता दंडात अडकतो, पोटावर ताणतो, आणि आपण स्वतःला दोष देत बाहेर येतो. हा दोष आपला नाही. आपल्याकडच्या तयार कपड्यांची स्मॉल-मीडियम-लार्ज मापं बऱ्याच अंशी परदेशी तक्त्यांवरून घेतलेली आहेत. म्हणून तर निफ्ट या फॅशनच्या संस्थेने 'इंडियासाइज' ही मोजणी हाती घेतली; मुंबईसह 6 शहरांत 25,000हून अधिक माणसांची मापं स्कॅनरने घ्यायची असं ठरलं. आपले तक्ते आले तरी त्यांतून सरासरी बाई निघणार, आणि सरासरी बाई कुणाच्याच घरात राहत नाही. वर कारखान्यात कापडाचे थरावर थर एकदम कापतात, कापड वाचवायला माया बारीक ठेवतात. अंग भरलं तर उसवून सैल करायला जागाच नसते. घरच्या कपड्यात इंचभर माया असते. बाळंतपणानंतर, पन्नाशीनंतर, आजारपणानंतर तोच कुर्ता आपल्याबरोबर बदलतो.

टेप आकडा सांगते, शेरा मारत नाही. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता असेल तर कागद डावीकडे थोडा उतरवायचा, इतकंच. माझ्या ओळखीच्या किती बायका आपल्या अंगाबद्दल शांतपणे बोलायला कटिंगच्या टेबलाशी शिकल्या!

तुमच्या घरात आईची किंवा सासूबाईंची मशीन झाकून ठेवली असेल तर तिला तेल घाला, पट्टा तपासा. जवळपास कुणी क्लास घेणाऱ्या ताई असतील तर आधी त्यांच्याकडे जा, पॅटर्न नंतर विकत घ्या. सुरुवात बिनअस्तराच्या साध्या सुती कुर्त्याने करा. रेशीम आणि जॉर्जेट पुढच्या वर्षी. मापं दुसरीला घ्यायला लावा, स्वतःची स्वतः घेतली की टेप पाठीवर तिरकी जाते. कागदावर तारीख घाला, कारण मापं बदलतात. आणि दोन्ही बाजूंना मोबाइल पूर्ण आत जाईल इतके खोल खिसे ठेवा.